संगणकाची चाकरी : एक नैतिक प्रश्न

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आमच्या वाडवडिलांच्या तोंडीं नित्य असे. ती म्हणणारांपैकीं बहुतेक स्वतः नोकरीच करीत, ही गोष्ट निराळी. परंतु ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर हा क्रम जितक्या थोड्या काळांत उलटा झाला, तितक्या थोड्या काळांत तो महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच झाला असेल. ह्या किनाऱ्यावर भातशेती होती, मिठागरें होतीं, खाडीची मासळी होती. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणें, वाशी अशा गांवांतील आगरी व कोळी कुटुंबांचा त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह होत असे. १९६० नंतर ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें रसायनांचे कारखाने आले. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर, सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रांत, नवें शहर वसविण्याचें ठरलें. पुढें त्या कारखान्यांपैकीं कित्येक बंद पडले. आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्याच पट्ट्यांत संगणक-उद्योगाच्या कांचेच्या इमारती उभ्या राहूं लागल्या. म्हणजे उत्तम म्हटलेली शेती गेली, कनिष्ठ म्हटलेली नोकरी तिच्या जागीं आली, आणि आज वधूपिते त्याच नोकरीला उत्तम म्हणतात.

मुलाला किंवा मुलीला ह्या धंद्यांत घालावें कीं नाहीं, असें आम्हांस पुष्कळ पालक विचारतात. आम्ही बरींच वर्षें वाशीस राहतों, आणि आमच्या ओळखीच्या घरांपैकीं असें घर विरळा कीं ज्यांतील एक तरी व्यक्ति ऐरोलीस, महाप्यास किंवा बेलापुरास संगणकापुढें बसत नाहीं. म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येत असावा. विचारणारांच्या मनांत बहुधा पगाराचा आंकडा असतो. तो आंकडा क्षुल्लक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि कोणत्याहि उपजीविकेची पारख करावयाची तर ती तीन ठिकाणीं करावी लागते : ती पोटास काय देते, ती करणारास काय बनविते, आणि ती करतांना तिसऱ्याचें काय होतें. पहिल्या दोन कसोट्यांवर लोक पुष्कळ बोलतात. तिसरीवर फारसें कोणी बोलत नाहीं, आणि आमच्या मतें खरा प्रश्न तेथेंच आहे.

पोटाचा विचार प्रथम करूं. शाळामास्तराचा किंवा गिरणी-कामगाराचा मुलगा वयाच्या पंचविशींत बापाच्या अखेरच्या पगाराहून अधिक मिळवितो, बहिणीचें शिक्षण पुरें करतो, आईच्या शस्त्रक्रियेस कोणापुढें हात पसरीत नाहीं, ही गोष्ट ह्या धंद्यानें हजारों मराठी घरांत प्रत्यक्ष घडवून आणिली आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडणें हें भरल्या पोटाचें लक्षण होय. मुलींच्या बाबतींत तर हा लाभ दुप्पट आहे. कारण स्वतःच्या मिळकतीची मुलगी घरांत आपलें मत सांगूं लागते, आणि तें ऐकून घेतलें जातें. मात्र ह्याच पगाराच्या पोटीं दुसरी एक गोष्ट जन्मास येते. खारघरास किंवा उलव्यास घर घ्यावयाचें, त्यासाठीं वीस वर्षांचें कर्ज काढावयाचें, आणि मग त्या हप्त्यासाठीं जी नोकरी आहे ती निमूटपणें करावयाची. ज्या द्रव्यानें माणूस स्वतंत्र व्हावयाचा, तेंच त्याच्या गळ्यांतील दावें होतें. परंतु हा दोष धंद्याचा नसून आपल्या हांवेचाहि आहे, म्हणून तो सर्वस्वीं धंद्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

करणारास हें काम काय बनवितें, हें पाहूं. आज्ञावली म्हणजे यंत्रास क्रमवार दिलेल्या आज्ञांचा लेख. त्यांतील एक चिन्ह जरी चुकलें तरी यंत्र अडून बसतें. त्याच्यापुढें आडनांव चालत नाहीं, वशिला चालत नाहीं, वयाचा मान चालत नाहीं, गोड बोलणें तर मुळींच चालत नाहीं. ‘माझें चुकलें, कोठें चुकलें तें शोधतों’ असें हें काम करणारास दिवसांतून दहा वेळां स्वतःशीं म्हणावें लागतें. आमच्या समाजांत हें वाक्य जितकें दुर्मिळ आहे, तितकेंच ह्या शिक्षणाचें मोल अधिक. शिवाय ही विद्या कोणाच्या पेटींत कुलूपबंद नाहीं. मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं संगणक तयार झाला, तेव्हां त्याला हात लावण्याचें भाग्य मूठभर विद्वानांचें होतें. आज कर्जतचा एखादा मुलगा जुन्या, दुसऱ्याच्या हातच्या संगणकावर तीच विद्या शिकतो. जगांतील उत्तमोत्तम कारागिरांनीं लिहिलेल्या किती तरी आज्ञावल्या कोणासहि वाचावयास व सुधारावयास विनामूल्य खुल्या आहेत. विद्येचें इतकें औदार्य फार थोड्या धंद्यांच्या वांट्यास आलें असेल.

ह्याची दुसरी बाजू वेळेची आहे. न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्या मागें कधीं साडेनऊ तास, तर कधीं साडेदहा तास चालतें. मार्चांत आणि नोव्हेंबरांत ते लोक आपलें घड्याळ तासभर पुढेंमागें करतात, आणि त्याबरोबर नेरूळच्या एखाद्या घरांतील जेवणाची वेळ बदलते. मुलगा घरींच असतो, पण दार लोटलेलें असतें आणि आंत इंग्रजींत बोलणें चाललेलें असतें; आई आमटी दोनदां गरम करते आणि शेवटीं झांकून ठेवून निजते. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ति ह्यांनीं २०२३ च्या ऑक्टोबरांत, तरुणांनीं आठवड्यास सत्तर तास काम करावें, असें मत मांडलें तेव्हां देशभर वाद माजला. श्रमाची थोरवी आम्हांस अमान्य नाहीं. परंतु बदलापुराहून ठाण्यास व तेथून गाडी बदलून घणसोलीस जाणाराचे रुळांवरील तास त्या सत्तरांत धरावयाचे कीं नाहींत, आणि ज्या आईनें आमटी झांकून ठेविली तिचे तास कोणाच्या वहींत मांडावयाचे, हेंहि त्याच वेळीं सांगितलें पाहिजे. दुसऱ्याच्या दिवसाची रात्र आपण जागतों, ह्यांत पाप नाहीं. पण हा व्यवहार आहे, आणि व्यवहाराची किंमत उघड बोलली जावी.

आणखी एक गोष्ट आहे व ती अधिक खोल आहे. कुंभाराला आपलें मडकें दिसतें. तें कोणाच्या घरीं गेलें हेंहि बहुधा ठाऊक असतें. आज्ञावली लिहिणारा मोठ्या कामाचा एक लहानसा तुकडा करतो; तो तुकडा सातासमुद्रांपलीकडे कोणा अनोळखी माणसाच्या व्यवहारांत जाऊन बसतो, आणि त्यानें त्या माणसाचें बरें झालें कीं वाईट, हें करणाराच्या कानांवर कधींच येत नाहीं. ज्या झाडाचें फळ दिसत नाहीं, त्याचा कांटाहि दिसत नाहीं. कोणी म्हणतील, फळाकडे न पाहतां कर्म करावें असेंच तर आपलें शास्त्र सांगतें. आम्हांस हा अर्थ मान्य नाहीं. फळाची आसक्ति सोडणें निराळें, आणि फळ कोणाच्या डोक्यावर पडतें हें न पाहणें निराळें. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त लोकसंग्रहावर जो इतका भर दिला, तो निष्काम कर्माच्या नांवाखालीं डोळे मिटून घेण्यासाठीं खचित नव्हे.

हें केवळ तत्त्वचर्चेसाठीं लिहीत नाहीं. आमच्याच इमारतींत राहणारे एक गृहस्थ ठाणें-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यांत सव्वीस वर्षें नोकरीस होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनीं मिळेल तें काम करून मुलास शिकविलें. तो मुलगा आज त्याच रस्त्यावरील एका कंपनींत आज्ञावल्या लिहितो. बाप कामावरून येई तेव्हां त्याच्या कपड्यांना उग्र वास येई, मुलाच्या कपड्यांना कसलाच वास येत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं तो आमच्याकडे आला, बराच वेळ इकडचें तिकडचें बोलला, आणि मग म्हणाला, “काका, एक विचारूं? मी कोणाचें वाईट केलें का, तें तुम्ही सांगा.”

त्याची हकीकत अशी. त्याच्या कचेरींत एका परदेशी विमा-कंपनीचें काम चालतें. आलेले दावे तपासावयाचे, कागदपत्र पुरे आहेत कीं नाहींत तें पाहावयाचें आणि शंकास्पद दावे निराळे काढावयाचे, हें काम त्याच्या शेजारच्या रांगेंतील आठ माणसें करीत. तें यंत्रानें व्हावें अशी आज्ञावली लिहिण्याचें काम ह्याच्याकडे आलें. नियम पुस्तकांत होते, पण अपवाद त्या आठ जणांच्या डोक्यांत होते. म्हणून हा त्यांच्याजवळ जाऊन बसे. दुपारीं डबे एकत्र उघडत. “अशा दाव्याचें तुम्ही काय करतां?” असें हा विचारी, आणि ते मोकळ्या मनानें सांगत. तीन महिन्यांनीं आज्ञावली पुरी झाली व उत्तम चालली. त्यानंतर दोन महिन्यांनीं ती रांग रिकामी झाली. दोघांस दुसरीकडे सामावून घेतलें, सहा जणांस नाहीं. ह्याला पगारवाढ मिळाली.

असे प्रसंग आतां कांहीं एकट्यादुकट्याचे राहिले नाहींत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या देशांतील अग्रगण्य कंपनीनें २०२५ च्या जुलैंत आपल्या नोकरवर्गापैकीं सुमारें दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. शिवाय आज्ञावल्या लिहिण्याचें कामहि यंत्रें करूं लागलीं आहेत. तेव्हां उद्यां ह्या मुलाच्या शेजारीं डबा उघडून कोणी त्याला त्याचे अपवाद विचारीत बसेल, हेंहि त्याला दिसत होतें.

त्यानें स्वतःच आपल्या बाजूचीं दोन कारणें पुढें केलीं. पहिलें असें : “मी नाहीं म्हटलें असतें तर दुसऱ्या कोणी केलें असतें.” हें खरें आहे, परंतु खरें असणें निराळें आणि समर्थन होणें निराळें. लांच घेणाराहि हेंच म्हणतो. दुसऱ्यानें केलें असतें ह्यानें परिणाम तोच राहिला असता, एवढेंच सिद्ध होतें. आपल्या हातून काय झालें ह्याचा निकाल त्यानें लागत नाहीं.

दुसरें कारण अधिक वजनाचें होतें : “यंत्रानें काम स्वस्त व जलद होतें. विमेदाराला पैसे लवकर मिळतात. शेवटीं सर्वांचें भलें होतें.” ह्यांत पुष्कळ तथ्य आहे. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठीं ज्यांनीं तलाठ्याच्या दारांत दिवस दिवस घालविले, त्यांना आज तोच उतारा डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो. हें कोणी तरी लिहिलेल्या आज्ञावलीचें पुण्य आहे. हातमाग गेले तेव्हां विणकरांचे हाल झाले, पण कापड गरिबाच्या अंगावर आलें. म्हणून यंत्र मोडा, असें आम्ही सांगणार नाहीं. परंतु ‘सर्वांचें भलें’ ह्या शब्दांतील ‘सर्व’ म्हणजे एक बेरीज असते, आणि जो बेरजेंतून वजा झाला, त्याच्या ताटांत बेरीज वाढतां येत नाहीं.

ह्या बाबतींत आपल्या शहराच्या इतिहासानेंच एक धडा घालून दिला आहे. मुंबईची गर्दी कमी व्हावी व लाखों माणसांना राहावयास जागा मिळावी म्हणून नवी मुंबई वसविली गेली. हेतु वाईट नव्हता, आणि आम्ही स्वतः त्याच हेतूचे लाभार्थी आहों. परंतु ज्यांची जमीन गेली त्यांच्या हातीं मोबदल्याचे पैसे ठेविले म्हणजे हिशेब मिटला, असें आरंभीं मानलें गेलें. तें शेतकऱ्यांनीं मानलें नाहीं. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत आंदोलन झालें, गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. आणि पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. त्या योजनेच्या अंमलबजावणींत किती घोळ झाले, तें येथील लोकांस ठाऊक आहे. पण तत्त्व म्हणून त्या आंकड्यांत एक मोठा नैतिक विचार सांठविलेला आहे. तो असा कीं, सुधारणेमुळें ज्याचें जातें त्याला गेलेल्या वस्तूचा नुसता भाव देऊन भागत नाहीं. होणाऱ्या सुधारणेंतच त्याला वांटा मिळाला पाहिजे. त्या आठ जणांचे अपवाद त्या आज्ञावलींत आहेत. त्यांच्या अनुभवाची जमीन संपादून तिच्यावर ही इमारत उभी राहिली. त्यांना नवें काम शिकविणें, शोधावयास पुरेसा अवधि देणें, बचत झालेल्या द्रव्याचा कांहीं भाग त्यांच्याकडे वळविणें, ह्यास उपकार म्हणूं नये. हा त्यांचा साडेबारा टक्के होय.

हें ऐकून तो म्हणाला, “पण काका, हें ठरविणारा मी कोण?” हा प्रश्नहि रास्त होता. धोरण ठरविणें त्याच्या हातीं नव्हतें. ह्यावर काय उत्तर द्यावें ह्या विचारांत आम्ही असतां, त्याला शोधीत वर आलेले व इतका वेळ मुकाट्यानें ऐकत बसलेले त्याचे वडील बोलूं लागले. ते म्हणाले, “आमचा कारखाना बंद झाला, त्या दिवशीं दरवाजावर नोटीस लागली. ती टंकलिखित करणारा कारकून आमच्याच पाळीचा, आमच्याबरोबर बसनें येणारा. ती त्यानें आदल्या दिवशीं तयार केली होती. त्याचें तें कामच होतें, त्याबद्दल मला कधीं राग आला नाहीं. पण सकाळीं त्यानें आमच्याबरोबर चहा घेतला, माझ्या धाकट्याच्या शाळेची चौकशी केली, आणि एक अक्षर बोलला नाहीं. तें मी अजून विसरलों नाहीं.”

मुलगा खालीं पाहत राहिला. आम्हांसहि तेव्हां उलगडा झाला कीं, आम्ही इतका वेळ भलत्याच ठिकाणीं दोष शोधीत होतों. आज्ञावली लिहिण्यांत त्याचा अपराध नव्हता. तीन महिने ज्यांच्याबरोबर बसून त्यानें भाकर खाल्ली, त्यांना आपण काय विचारतों आणि कशासाठीं विचारतों, हें त्यानें सांगितलें नाहीं, हा त्याचा अपराध होता. गुप्ततेचा करार आड येतो, असें तो म्हणूं शकला असता. पण कराराची गुप्तता ग्राहकाच्या व्यवहाराची असते. आठ माणसांच्या पोटाचा प्रश्न तिच्याखालीं झांकतां येतो कीं नाहीं, हें त्यानें वरिष्ठास एकदां विचारावयास हवें होतें. त्यानें विचारलेंहि नाहीं. वरिष्ठानें स्पष्ट ‘नाहीं’ म्हटलें असतें तर? तर प्रश्न खरोखरच कठीण झाला असता. घराचा हप्ता एका पारड्यांत आणि डब्याची सोबत दुसऱ्या पारड्यांत पडली असती, आणि तेथें दुसऱ्याच्या वतीनें शौर्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु बहुतेक माणसें त्या कठीण प्रश्नापर्यंत पोहोंचतच नाहींत. त्याच्या अलीकडच्या सोप्या पायरीवरच गप्प बसतात, आणि आपण नाइलाजानें गप्प बसलों असें नंतर म्हणतात.

तेव्हां पालकांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. मुलांना ह्या धंद्यांत अवश्य जाऊं द्यावें. त्यांत पोट भरतें, बुद्धीस धार येते, आणि यंत्रापुढें खोटें चालत नाहीं ही संवय लागते. मात्र तीच संवय माणसांपुढें लागेलच असें नाहीं. यंत्राशीं अक्षर न् अक्षर खरें बोलणारा मुलगा शेजारच्या खुर्चीवरील माणसाशीं तितकेंच खरें बोलतो कीं नाहीं, हें घरच्यांनीं मधूनमधून विचारावें. पगार किती वाढला हें विचारतांना वाटते तितकीच आस्था हें विचारतांना वाटावी. वाडवडिलांची म्हण शेती, व्यापार व नोकरी ह्यांना उत्तम-कनिष्ठ ठरविते. आमच्या मतें एकाच नोकरींत, एकाच खुर्चीवर बसून, ती उत्तमहि करतां येते आणि कनिष्ठहि.

पुढच्या रविवारीं तो मुलगा त्या सहा जणांपैकीं एकाच्या घरीं, कळव्यास, जाऊन आला, असें त्याच्या वडिलांनीं आम्हांस जिन्यांत सांगितलें. तेथें काय बोलणें झालें तें त्यानें घरीं सांगितलें नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं.